दाराशा वाडिया : पायाखालची जमीन शिकवणारे प्राध्यापक

गणपती जवळ आले की आम्हा बडोदेकरांच्या घरोघरी एक चर्चा हमखास रंगते. मूर्ती शाडूची आणायची की प्लास्टरची? विसर्जन नदीत, तळ्यात की घरच्या बादलीत? चर्चा चांगलीच आहे. पण एखाद्या मुलाने मध्येच विचारले, की आपल्या घराखाली कसली माती आहे आणि ती इथे आली कुठून, तर आम्ही मोठी माणसे एकमेकांकडे बघू लागतो. २०२४ साली गणपतीच्या तोंडावर विश्वामित्रीचे पाणी अनेक वस्त्यांत शिरले. तेव्हाही गाळ उपसताना, तो गाळ म्हणजे काय, हे मुलांना सांगावे असे फार थोड्यांना सुचले.

म्हणून या वर्षी आम्हाला आठवण झाली ती आपल्याच गावात शिकलेल्या एका शिक्षकाची. त्यांचे नाव दाराशा नोशेरवान वाडिया. भूगर्भशास्त्राच्या जगात त्यांचे नाव मोठे आहे. पण ते आधी शिक्षक होते आणि ते घडले बडोद्यात, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल?

दाराशांचा जन्म २५ ऑक्टोबर १८८३ रोजी सुरत येथे झाला. जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध असलेल्या वाडिया घराण्यातला हा मुलगा. वडील मात्र रेल्वेत स्टेशनमास्तर होते. अकराव्या वर्षी दाराशा बडोद्यास आले. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात तेव्हा शिक्षणाचे वारे वाहत होते. दाराशांचे थोरले बंधूही शिक्षणक्षेत्रातलेच. घरातून अभ्यासाची ओढ लागली आणि बडोदा कॉलेजात प्रा. अदरजी मसाणी यांच्यासारखे गुरू लाभले. मसाणी निसर्गविज्ञान शिकवीत. दाराशांनी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र असे तिन्ही विषय अभ्यासले आणि १९०६ साली एम.ए.ची पायरी विज्ञान शाखेतून गाठली. भूगर्भशास्त्र त्या काळी आपल्याकडे फारच थोड्या ठिकाणी शिकवले जाई. त्यामुळे त्यांचे बरेचसे शिक्षण पुस्तकांतून, संग्रहातल्या दगडांतून आणि स्वतःच्या डोळ्यांनी झाले.

पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात ते भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक झाले. कॉलेज नवे, विभाग नवा. पण जम्मूच्या दारातच शिवालिकच्या टेकड्या होत्या आणि त्यांच्या मागे हिमालय. हीच त्यांची प्रयोगशाळा झाली. सुट्टी लागली की हातोडी घेऊन डोंगर गाठायचा, नमुने गोळा करायचे आणि तेच वर्गात विद्यार्थ्यांच्या हाती द्यायचे. चौदा वर्षे त्यांनी हे काम केले.

याच शिवालिकच्या खडकांत त्यांना एका प्राचीन हत्तीचा सुमारे दहा फूट लांबीचा सुळा आणि कवटीचे काही भाग सापडले. त्या हत्तीचे शास्त्रीय नाव ऐकून आमच्या वाचकांना गंमत वाटेल. ते आहे स्टेगोडॉन गणेसा! एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश संशोधकांनी या लुप्त झालेल्या प्राण्याला आपल्या गणरायाचे नाव दिले होते. शिवालिकचे खडक म्हणजे हिमालय झिजून नद्यांनी वाहून आणलेली वाळू, चिखल आणि गोटे. त्यात पुरलेली हाडे लाखो वर्षांनी दगड होऊन बाहेर आली. हे फळ्यावर लिहून सांगणे वेगळे आणि तो सुळा मुलांसमोर ठेवून सांगणे वेगळे.

शिकवताना त्यांना एक अडचण सतत टोचत होती. विद्यार्थ्यांच्या हाती येणारी पुस्तके विलायती होती. त्यांतले डोंगर, नद्या, खडक सगळे तिकडचे. भारतावरचे जुने ग्रंथ होते, पण ते जाणकारांसाठी लिहिलेले, कॉलेजच्या मुलाला न पेलणारे. दख्खनचा काळा पाषाण, गंगेचा गाळ, हिमालयाच्या घड्या हे सगळे आपल्या पायाखाली असून आपल्या अभ्यासात नाही, ही उणीव त्यांनी स्वतःच भरून काढली. १९१९ साली त्यांचे ‘जिऑलॉजी ऑफ इंडिया’ हे पुस्तक निघाले. त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. आमच्या मते त्यांच्या साऱ्या कामांत हे काम सर्वांत दूरवर पोहोचले.

१९२१ साली, अडतिसाव्या वर्षी, ते भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यात दाखल झाले. परदेशी पदवी नसताना तिथे अधिकारी म्हणून नेमले गेलेले ते पहिले भारतीय. वायव्य हिमालयात पायी हिंडून त्यांनी एक जुने कोडे उलगडले. नंगा पर्वताजवळ हिमालयाची रांग एकाएकी दक्षिणेकडे का वळते? वाडियांनी दाखवले, की वळणाच्या दोन्ही बाजूंचे खडक एकाच मालिकेतले आहेत. भारताच्या जुन्या, कठीण भूमीची एक जीभ तिथे उत्तरेकडे घुसलेली आहे आणि तिच्याभोवती डोंगरांच्या घड्या पडल्या आहेत. गुडघा उचलला की अंगावरच्या चादरीला जशा चुण्या पडतात, तसेच काहीसे. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या या मांडणीने त्यांना जगभर नाव मिळाले.

डोंगरांबरोबर त्यांनी मातीकडेही लक्ष दिले. भारतातल्या जमिनी कोणत्या खडकांपासून बनल्या, यावर त्यांनी सहकाऱ्यांसह १९३५ साली लिहिले. निवृत्तीनंतर काही वर्षे ते सिलोन सरकारचे खनिजतज्ज्ञ होते. नंतर भारत सरकारचे सल्लागार झाले आणि १९४९ पासून अणुखनिजांच्या शोधाचे काम त्यांच्याकडे आले. १९५७ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय भूगर्भशास्त्रज्ञ. पुढच्या वर्षी पद्मभूषण मिळाले. १५ जून १९६९ रोजी ते गेले. डेहराडूनची हिमालय-भूविज्ञान संस्था आज त्यांचे नाव चालवते.

मानसन्मानांची यादी आणखी वाढवता येईल. पण आम्हाला मोलाचे वाटतात ते जम्मूतले प्राध्यापक. आपल्या मुलांना आपलीच जमीन शिकवली पाहिजे, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले आणि करून दाखवले. आज पर्यावरण हा विषय शाळेत आहे, प्रकल्पाच्या वह्याही सजतात. त्यांत ध्रुवावरचे वितळणारे बर्फ असते, विश्वामित्री मात्र क्वचितच असते.

खरे तर आपल्याला लांब जायलाच नको. पावागड हा ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा डोंगर. विश्वामित्री तिथूनच निघते आणि नद्यांनी आणलेल्या गाळाच्या सपाटीवर वसलेल्या आपल्या शहरातून वळणे घेत जाते. नदीकाठची सखल जमीन ही पुराच्या पाण्याने पसरायची तिची हक्काची जागा. ती बुजवून घरे बांधली, की पाणी आपल्या घरात येणारच. एवढे जरी दहा वर्षांच्या मुलाला जागेवर नेऊन दाखवले, तरी ते जन्मभर विसरणार नाही.

वक्तृत्व आणि चित्रकला स्पर्धा आपण दरवर्षी घेतोच. त्यांच्या जोडीला, पाऊस ओसरल्यावर एका रविवारी मुलांना पावागडावर नेऊ या आणि परतताना नदीचा काठ दाखवू या. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळताना बघणाऱ्या मुलाला माती कुठून येते आणि कुठे जाते, हेही कळायला हवे.