बोटांनी ऐकणारी हेलन

अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कंबिया या लहानशा गावी १८८० साली हेलन केलरचा जन्म झाला. ती १९ महिन्यांची असताना एका दुखण्यात तिची दृष्टी व श्रवणशक्ती दोन्ही गेली. १८८७ साली ॲन सलिव्हन या शिक्षिका तिच्या घरी आल्या. तळहातावर बोटांच्या खुणांनी अक्षरे उमटवून त्यांनी तिला भाषा शिकविली. पण ह्या खुणा जाणणारी माणसे किती थोडी! इतरांशी बोलावे कसे, ही तळमळ हेलनला लागून राहिली.

नॉर्वेमधील एक अंध व बधिर मुलगी बोलावयास शिकल्याची वार्ता १८९० साली तिला समजली. मग तिने हट्टच धरला. बोस्टन येथे सारा फुलर बाईंनी तिला उच्चाराचे ११ पाठ दिले. बोलणाऱ्याच्या मुखावर हात ठेवून शब्द ओळखण्याची विद्याही तिने पुढे साध्य केली. अंगठा गळ्यावर, तर्जनी ओठांवर आणि मधले बोट नाकावर! 'पोर' आणि 'मोर' हे शब्द तुम्ही नाकाला बोट लावून उच्चारून पाहा. ओठ दोन्ही वेळी सारखेच मिटतात. परंतु 'मोर' म्हणताना नाक थरथरते. असल्या सूक्ष्म भेदांवर तिचे सारे ऐकणे अवलंबून असे. हात ढळला, की वाक्य तुटे.

१९०४ साली ती रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवीधर झाली. व्याख्याने देत ती देशोदेशी हिंडली. १९५५ साली भारतातही येऊन गेली. मात्र तिचे स्वतःचे उच्चार परक्या माणसांना सहसा कळत नसत. सभेत तिचे वाक्य सोबतच्या बाई पुन्हा बोलून दाखवीत. हे शल्य तिला फार बोचे. १९६८ साली ती निवर्तली.