सेरामपूरचे गुरुवर्य विल्यम कॅरी

इ. स. १८०५ मध्ये मराठी भाषेचे एक व्याकरण छापून प्रसिद्ध झाले. ते पुण्यास छापले गेले नाही, मुंबईसही नाही. ते निघाले दूर बंगालमध्ये, हुगळी नदीच्या काठच्या सेरामपूर या डॅनिश वसाहतीत. आणि त्याचा कर्ता होता एकेकाळी इंग्लंडातील खेडेगावात जोडे शिवून पोट भरणारा एक पाद्री. त्याचे नाव विल्यम कॅरी. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात हे नाव येते. परंतु धर्मोपदेशकांचा शिक्षक म्हणून त्याने केलेले कार्य आपल्याकडे फारसे परिचित नाही.

कॅरीचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी या गावी झाला. वडील विणकर होते. पुढे ते गावच्या शाळेचे पंतोजी झाले. त्वचेच्या विकारामुळे उन्हातान्हात शेतीकाम करणे विल्यमला झेपेना. म्हणून त्यास एका चर्मकाराच्या हाताखाली उमेदवारीस ठेवण्यात आले. चामडे कापता कापता या मुलाने लॅटिन, ग्रीक व हिब्रू भाषांचा अभ्यास आरंभिला. महाविद्यालयाची पायरी तो विद्यार्थी म्हणून कधीच चढला नाही. पुढे तो बॅप्टिस्ट पंथाचा उपदेशक झाला. त्याच्या प्रयत्नाने १७९२ मध्ये त्या पंथाचे मिशन स्थापन झाले आणि १७९३ च्या नोव्हेंबरात तो सहकुटुंब कलकत्त्यास उतरला.

आरंभीची वर्षे अत्यंत हलाखीची गेली. मालदा भागात निळीच्या कारखान्यावर नोकरी करीत त्याने बंगाली व संस्कृत आत्मसात केली. तेथेच त्याचा लहानगा मुलगा पीटर मृत्यू पावला. पत्नी डॉरोथी मूळची परदेशी येण्यास नाखूष होती. या आघातानंतर तिच्या मनाचा तोल गेला तो १८०७ मध्ये तिच्या मृत्यूपर्यंत सावरला नाही. कॅरीच्या यशाची ही किंमत त्या माउलीने मोजली, हे त्याचा गौरव करताना विसरता कामा नये.

त्या काळी ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना थारा देत नसे. म्हणून १८०० च्या जानेवारीत कॅरी सेरामपूरला गेला. तेथे त्यास जोशुआ मार्शमन हा शिक्षक व विल्यम वॉर्ड हा मुद्रक असे दोन जिवलग सहकारी लाभले. तिघांची मिळकत एका सामाईक पेटीत पडे. १८०१ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरीची बंगालीच्या अध्यापनासाठी नेमणूक झाली. नंतर संस्कृत व मराठीही त्याच्याकडे आली. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने त्याने मराठीचा अभ्यास केला. व्याकरणानंतर १८१० मध्ये मोडी लिपीतील मराठी शब्दांचा कोश निघाला. आपल्या कोकणीतही बायबलचा नवा करार सेरामपूरच्याच छापखान्यातून बाहेर पडला. या भाषांतरांत दोष पुष्कळ होते. एकाच माणसाने इतक्या भाषांना हात घातला, तेव्हा ते होणारच. पुढील पिढ्यांना ती नव्याने करावी लागली.

११ मार्च १८१२ रोजी संध्याकाळी छापखान्यास आग लागली. कागद, खिळे, अनेक वर्षांच्या श्रमाची हस्तलिखिते भस्मसात झाली. कॅरी त्या वेळी कलकत्त्यास होता. परत येऊन त्याने ती राख पाहिली आणि पुन्हा लिहावयास बसला. काही महिन्यांतच छपाई पूर्ववत सुरू झाली.

पुस्तके तर झाली. परंतु ती समजावून सांगणारी माणसे कोठून आणावयाची? परदेशातून येणारे पाद्री थोडे; त्यांतले कित्येक ज्वराने दगावत, आणि उरत त्यांना लोकांची भाषा शिकण्यातच वर्षे लागत. या देशातील धर्मोपदेशक याच देशात तयार झाले पाहिजेत, असे कॅरी व त्याच्या मित्रांचे ठाम मत झाले. धर्मोपदेशक घडविणारे विद्यालय ही आपल्या गोव्यास नवलाची गोष्ट नाही; रायतूरची सेमिनरी आपणांस ठाऊकच आहे. सेरामपूरच्या योजनेचे वेगळेपण अभ्यासक्रमात होते. भावी उपदेशकाने बायबलाबरोबर संस्कृत शिकावे, हिंदू व बौद्ध मते मूळ ग्रंथांतून जाणून घ्यावी, आपल्या मातृभाषेवर प्रभुत्व मिळवावे आणि पाश्चात्त्य विज्ञानही अभ्यासावे, अशी ती योजना होती. शेजारच्या विद्वान पंडितापुढे ज्याला मान खाली घालावी लागेल, तो लोकांना काय शिकविणार?

१८१८ मध्ये सेरामपूर कॉलेज सुरू झाले. पहिल्या ३७ विद्यार्थ्यांत ख्रिस्ती १९ होते, बाकीचे इतर. जात, वर्ण वा देश यांमुळे कोणासही दार बंद नव्हते. कॅरी स्वतः तेथे धर्मशास्त्राबरोबर वनस्पतिशास्त्रही शिकवी. १८२७ मध्ये डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने सनद देऊन कॉलेजास पदव्या प्रदान करण्याचा अधिकार दिला.

टीकाही कमी झाली नाही. मिशनचा पैसा संस्कृत व विज्ञान शिकविण्यात का दवडावा, असे स्वदेशातील अनेकांना वाटे. मतभेद विकोपास जाऊन १८२७ मध्ये सेरामपूरकर मिशनपासून वेगळे झाले. पुढे कलकत्त्यातील मोठ्या पेढ्या बुडाल्या, त्यांत कॉलेजचा निधीही गेला. उतारवयात हे सारे सोशीत कॅरीने काम चालू ठेवले. सतीबंदीचा कायदा १८२९ च्या डिसेंबरात झाला. त्याचा मसुदा भाषांतरासाठी रविवारी हाती येताच त्या दिवसाचे प्रवचन दुसऱ्यावर सोपवून त्याने तो बंगालीत उतरविला. उशीर झाला तर आणखी कोणी अबला चितेवर जाईल, याची त्याला धास्ती होती. ९ जून १८३४ रोजी सेरामपूरलाच त्याने देह ठेवला.

त्याच्या हयातीत कॉलेजातून फार मोठ्या संख्येने उपदेशक निघाले असे नाही. परंतु ती सनद टिकली. तिच्याच आधारे विसाव्या शतकात धर्मशास्त्राच्या पदव्या देण्यास प्रारंभ झाला आणि १९१८ च्या कायद्याने तिला नवे बळ मिळाले. आज देशातील अनेक धर्मशास्त्र महाविद्यालये सेरामपूरशी संलग्न आहेत आणि तेथे शिकविणारे बहुतांशी भारतीयच आहेत.

विद्यार्थी मित्रहो, उन्हाळ्यात आपल्या डोंगरउतारावर गोल फळांचा कुंभा दिसेल. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग याने या वृक्षाच्या शास्त्रीय नावात आपल्या मित्राचे, कॅरीचे, नाव गोवून ठेवले आहे. त्याचा धर्म आपला असो वा नसो, ज्याला महाविद्यालय लाभले नाही त्याने इतरांसाठी विद्यापीठ उभारले. आणि आपल्यामागे आपली जागा त्याच मातीतल्या माणसांनी घ्यावी, यासाठी आयुष्य वेचले. शिक्षकाने याहून अधिक काय इच्छावे?