वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मॉर्डेकाय हाफकिन (जन्म : १५ मार्च १८६०, ओडेसा, मृत्यू : २६ ऑक्टोबर १९३०, लोझान) हे पटकी व प्लेग या रोगांवरील प्रतिबंधक लसी तयार करणारे जीवाणुशास्त्रज्ञ होते. त्यांच्या कार्याचा महत्त्वाचा भाग मुंबईत घडला. परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९०२ मध्ये पंजाबातील मालकोवाल या गावी लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. या घटनेमुळे त्यांचे पद गेले व पुढील अनेक वर्षे त्यांच्यावर निष्काळजीपणाचा ठपका राहिला. औषधनिर्मितीतील स्वच्छता व निर्जंतुकीकरण यांच्या इतिहासात हे प्रकरण महत्त्वाचे मानले जाते.

जन्म व शिक्षण

हाफकिन यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. शालेय शिक्षण बेर्द्यान्स्क येथे झाल्यावर त्यांनी ओडेसाच्या विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे ख्यातनाम जीवशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह हे त्यांचे गुरू होते. विद्यार्थिदशेत क्रांतिकारक चळवळीशी संबंध आल्यामुळे त्यांना अटक झाली. ज्यूंवरील हल्ल्यांच्या वेळी आपल्या समाजाच्या रक्षणासाठी उभे राहिल्याने ते जखमीही झाले. धर्मांतर केल्याखेरीज विद्यापीठात पद मिळण्याची शक्यता नव्हती. हाफकिन यांनी त्यास नकार दिला व ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात काम पत्करले. १८८८ मध्ये ते जिनीव्हा येथे गेले. पुढील वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना प्रवेश मिळाला, तो सहायक ग्रंथपाल म्हणून.

पटकीची लस

पाश्चर संस्थेत हाफकिन यांनी पटकीच्या जीवाणूंवर संशोधन केले आणि १८९२ मध्ये लस तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले. उत्तर भारतातील शहरे व छावण्या, तसेच कलकत्त्यातील दाट वस्त्या येथे त्यांनी हजारो लोकांना लस टोचली. मलेरियाने प्रकृती खालावल्यामुळे १८९५ मध्ये त्यांना इंग्लंडला परतावे लागले. परंतु १८९६ मध्ये ते पुन्हा भारतात आले.

मुंबईतील प्लेग व प्रतिबंधक लस

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. साथ वेगाने पसरली, लोक शहर सोडून जाऊ लागले आणि पुढील वर्षी पुण्यातही तिने थैमान घातले. सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना याच रोगाने निधन झाले.

सरकारच्या विनंतीवरून हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एक खोली व तिच्यालगतचा व्हरांडा एवढीच त्यांची प्रयोगशाळा होती. मदतीस एक कारकून व तीन शिपाई होते. अवघ्या तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तेथे स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली आणि लस न घेतलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यातील लागण कमी आढळली. पुढे बडोदा संस्थानातील उंढेरा या गावी प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या व्यक्तींना लस देऊन दोन्ही गटांची तुलना करण्यात आली. इस्माइली खोजा समाजाचे प्रमुख आगाखान तिसरे यांनी स्वतः लस टोचून घेतल्याने अनेकांची भीती कमी झाली.

लसीची मागणी वाढत गेली तशी प्रयोगशाळेची जागा अनेकदा बदलावी लागली. अखेर १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले.

लसनिर्मितीची पद्धत

हाफकिन यांची लस मारलेल्या जीवाणूंची होती. प्लेगचे जीवाणू मांसापासून केलेल्या पोषक द्रवात वाढवले जात. हिंदू व मुसलमान यांच्या भावना लक्षात घेऊन या द्रवासाठी शेळीचे मांस वापरले जाई. द्रवाच्या पृष्ठभागावर तूप किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवल्यास जीवाणूंची वाढ त्यांना लटकून, गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखी, खाली उतरते. पात्र हलवले की ही वाढ तळाशी बसते व पृष्ठभागावर नवी सुरू होते. ही विशिष्ट वाढ दिसणे ही संवर्ध शुद्ध असल्याची एक खूण मानली जाई.

सुमारे सहा आठवड्यांनंतर द्रव ६५ ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तासभर तापवून जीवाणू मारले जात. त्यानंतर त्यात ०.५ टक्के कार्बॉलिक आम्ल मिसळून तो बाटल्यांत भरला जाई. या तापमानाला प्लेगचे जीवाणू मरतात. परंतु धनुर्वाताच्या जीवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात. माती, धूळ व जनावरांचे शेण यांत आढळणारे हे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरू शकतात. हवाबंद बाटलीत त्यांना वाढीस अनुकूल स्थिती मिळते. भरलेली लस तापवून हा धोका दूर होत नसल्यामुळे पात्रे, हवा, हात व बुचे यांपैकी कशातूनही बाहेरचा जीवाणू आत जाऊ न देणे हाच उपाय उरतो. बाटलीत मिसळलेले कार्बॉलिक आम्ल हे चुकून शिरलेल्या जीवाणूंची वाढ रोखणारे अतिरिक्त संरक्षण होते.

मालकोवाल दुर्घटना

१९०२ मध्ये पंजाब सरकारने मोठ्या प्रमाणावर लसीकरण करण्याचे ठरवून लसीची प्रचंड मागणी नोंदवली. ती वेळेत पुरवण्यासाठी परळच्या प्रयोगशाळेत निर्मितीची पद्धत बदलण्यात आली. नव्या पद्धतीत कार्बॉलिक आम्ल वगळले गेले आणि सर्व भिस्त उष्णतेने केलेल्या निर्जंतुकीकरणावर ठेवण्यात आली. युरोपातही ही पद्धत प्रचलित होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी गुजरात जिल्ह्यातील (आता पाकिस्तानात) मालकोवाल येथे पाच बाटल्यांमधून १०७ जणांना लस टोचण्यात आली. सुमारे आठवडाभराने त्यांपैकी १९ जणांमध्ये धनुर्वाताची लक्षणे दिसली आणि ते सर्व दगावले. या सर्वांना ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतील लस दिली होती. उरलेल्या चार बाटल्यांतील लस घेतलेल्या कोणासही धनुर्वात झाला नाही.

चौकशी व वाद

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमण्यात आला. दूषण बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे प्रयोगशाळेत झाले, असा त्याचा निष्कर्ष होता. कार्बॉलिक आम्ल वगळणे हीदेखील चूक मानली गेली. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले व १९०४ मध्ये ते भारताबाहेर गेले. लंडनच्या लिस्टर संस्थेने लसीत धनुर्वाताचे जीवाणू असल्याचे संभाव्य ठरवले. पण ते कोणत्या टप्प्यावर शिरले हे सांगता येत नाही, असेही नोंदवले.

चौकशीतील साक्षींमधून आणखी एक गोष्ट पुढे आली होती. मालकोवाल येथे बाटली उघडताना वापरलेला चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच बूच काढण्यासाठी वापरला गेला. अशी उपकरणे निर्जंतुक करण्याची मुंबईच्या प्रयोगशाळेने घालून दिलेली पद्धत पंजाबात पाळली गेली नव्हती. बाटली आधीपासून दूषित असती तर इतक्या दिवसांत जीवाणूंच्या वाढीमुळे तिला उग्र वास आला असता; तसा वास उघडताना जाणवला नव्हता. या पुराव्यांच्या आधारे मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांची बाजू मांडली. रॉस व अन्य नऊ शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र जुलै १९०७ मध्ये लंडनच्या द टाइम्स या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हाफकिन यांना दोषमुक्त करण्यात आले. फ्रान्समधील ड्रेफस खटल्याशी असलेल्या साम्यामुळे हे प्रकरण लहान ड्रेफस प्रकरण म्हणूनही ओळखले जाते.

अखेरची वर्षे

दोषमुक्तीनंतर हाफकिन कलकत्त्यास परतले. परंतु परळच्या प्रयोगशाळेचे नेतृत्व त्यांच्याकडे पुन्हा आले नाही. पहिल्या महायुद्धाच्या आरंभीच्या काळात निवृत्त होऊन ते फ्रान्सला गेले. उत्तरायुष्यात त्यांनी ज्यू धर्मशिक्षणाच्या कार्यास वाहून घेतले आणि आपली संपत्ती त्यासाठी स्थापन केलेल्या न्यासाला दिली. ते अविवाहित होते. लोझान येथे वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

प्रभाव व स्मृती

मालकोवालच्या एक वर्ष आधी अमेरिकेतील सेंट लुइस येथे धनुर्वाताने दूषित झालेल्या घटसर्पाच्या प्रतिविषामुळे १३ मुलांचा मृत्यू झाला होता. त्यानंतर १९०२ मध्ये अमेरिकेत जैविक औषधांच्या निर्मितीवर परवाना व तपासणीचे बंधन आले. भारतात औषधनिर्मितीचे नियमन १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली होते. त्याखालील नियमांच्या अनुसूची ‘एम’ मध्ये कारखान्याची जागा, स्वच्छता, कर्मचाऱ्यांचे आरोग्य, निर्जंतुक विभाग व उत्पादनाच्या प्रत्येक खेपेच्या नोंदी यांविषयी नियम आहेत. ५३-एन या बाटलीबाबत वादाचा ठरलेला प्रश्न, म्हणजे दूषण नेमके कोणत्या टप्प्यावर झाले, याचे उत्तर अशा नोंदींवरूनच शोधता येते.

परळच्या प्रयोगशाळेला १९०६ मध्ये मुंबई जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा हे नाव मिळाले व १९२५ मध्ये हाफकिन यांच्या हयातीतच त्यांचे नाव देण्यात आले. १९७५ मध्ये तिचे संशोधन व उत्पादन हे विभाग वेगळे करून लसी व प्रतिविषे यांच्या उत्पादनासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये हाफकिन यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट प्रसिद्ध केले.