कागदावरचे घोडे

कागदी घोडे नाचवणे, हा मराठीत काही कौतुकाचा वाक्प्रचार नाही. चीनमधील एका चित्रकाराच्या कागदावरील घोड्यांनी मात्र ऐन युद्धकाळात आपल्या देशवासीयांना धीर दिला. लगाम नाही, खोगीर नाही. शाईच्या ओल्या, रुंद फटकाऱ्यांतून उसळून थेट पाहणाऱ्याच्या अंगावर धावून येणारा शू बेइहोंग यांचा घोडा पुढे इतक्या वेळा छापला गेला, की तो कोणत्या भांडणातून जन्माला आला याचा विसर पडावा. ते भांडण चिनी शाईचित्राच्या अस्तित्वाविषयीचे होते. त्यातील एक महत्त्वाचा निवाडा आपल्याकडे, दार्जिलिंगमध्ये, कागदावर उतरला.

शू यांचा जन्म १८९५ मध्ये जिआंगसू प्रांतातील यीशिंगजवळच्या एका खेड्यात झाला. वडील स्वशिक्षित चित्रकार होते. घरात विद्या होती, पैसा नव्हता. वडिलांनी ठेवलेल्या 'शोउकांग' या नावात दीर्घायुष्य आणि आरोग्य असा आशीर्वाद होता. दारिद्र्याचे चटके सोसलेल्या मुलाने तारुण्यात ते टाकून 'बेइहोंग', म्हणजे शोकाकुल हंस, हे नाव घेतले. किशोरवयातच शिक्षकी करून त्यांनी कुटुंबाला हातभार लावला आणि वडिलांच्या निधनानंतर शांघाय गाठले.

शांघायमध्ये त्यांचे नशीब उघडले ते एका अर्थी मुंबईच्या वाटेने. बगदादमध्ये जन्मलेले, मुंबईत वाढलेले आणि ससून पेढीच्या चाकरीतून शांघायच्या बड्या जमीनमालकांत जाऊन बसलेले सायलस हार्डून यांना आपल्या संस्थेसाठी चिनी लिपीचा पौराणिक जनक छांगजिए याचे चित्र हवे होते. शू यांनी चार डोळ्यांचा छांगजिए रंगवला आणि तो पसंत पडला. विचारवंत कांग यौवेइ यांचा सहवास याच वर्तुळात लाभला. हार्डून यांच्या आश्रयामुळे १९१७ मध्ये शू जपानला जाऊ शकले. सोबत होत्या घर सोडून त्यांच्यामागे निघालेल्या जिआंग बीवेइ.

चीनमध्ये परतल्यावर पेकिंग विद्यापीठाचे कुलगुरू त्साय युआनपेइ यांनी त्यांना चित्रकला मंडळात शिकवायला बोलावले. येथेच शू यांनी आपला पक्ष मांडला. त्यांच्या मते चिनी चित्रकला शतकानुशतके उतरणीला लागली होती. चित्रकार डोंगर पाहत नव्हते, जुन्या गुरूंनी रंगवलेले डोंगर पाहत होते. नवशिक्यांच्या हाती पडणारी नमुन्यांची जुनी पुस्तके तर त्यांना विषासारखी वाटत. जे चांगले आहे ते जपावे, जे मोडकळीला आले आहे ते सावरावे आणि पाश्चात्त्य चित्रकलेतील घेण्याजोगे ते घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती.

१९१९ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले. एकोल दे बोझारमधील शिक्षण आणि वृद्ध चित्रकार दान्याँ-बूव्हरे यांचे मार्गदर्शन यांतून रेखांकनाची शिस्त त्यांच्या हाडीमाशी खिळली. शिष्यवृत्ती रखडली तेव्हा स्वस्ताई म्हणून ते बर्लिनला राहिले आणि तेथील प्राणिसंग्रहालयात सिंहांची रेखाटने करीत बसले. घोड्याची शरीररचनाही त्यांनी अशीच पाठ केली. सांगाडा ठाऊक, स्नायू ठाऊक. मग कुंचला कितीही वेगाने फिरो, घोडा चुकत नाही. चिनी कागद शाई क्षणात शोषून घेतो, त्यावर खाडाखोड चालत नाही. म्हणून हे पाठांतर त्यांना अपरिहार्य वाटे.

गंमत अशी की, पिकासो आणि मातीस यांच्या त्या पॅरिसने त्यांच्यावर काहीच जादू केली नाही. १९२९ मध्ये चीनमधील पहिल्या राष्ट्रीय कला प्रदर्शनाच्या निमित्ताने सेझान आणि मातीस यांच्यावर ते जाहीरपणे तुटून पडले, तेव्हा कवी शू झमो यांनी त्यांच्याशी वाद घातला. रवींद्रनाथ ठाकूर १९२४ मध्ये चीनला गेले असताना त्यांचे दुभाषी झालेले कवी ते हेच. या वादात शू बेइहोंग यांची बाजू आज कोती वाटते. परंतु ज्याला त्यांनी मनापासून मानले, त्याच्यासाठी ते किती वाकत, हेही त्याच काळात दिसले. बेइपिंगच्या (आजच्या बीजिंगच्या) कला महाविद्यालयाची धुरा अल्पकाळ हाती येताच त्यांनी साठी ओलांडलेल्या छी बाइशी यांना अध्यापनासाठी पाचारण केले. छी हे मूळचे सुतार. त्यांना प्राध्यापक करणे प्रतिष्ठितांना रुचणारे नव्हते. शू यांनी त्याची पर्वा केली नाही.

१९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीनिशी आक्रमण केले. शू यांनी आग्नेय आशियात प्रदर्शने भरवून निर्वासितांसाठी पैसा उभा करण्याचा सपाटा लावला आणि रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून १९३९ च्या अखेरीस ते शांतिनिकेतनात दाखल झाले. तेथे १९३७ पासून चीना भवन उभे होते. कला भवनात नंदलाल बोस होते. शांतिनिकेतनात आणि पुढे कोलकात्यात त्यांची प्रदर्शने झाली. फेब्रुवारी १९४० मध्ये गांधीजी आश्रमात आले, तेव्हा रवींद्रनाथांनी दोघांची भेट घडवली आणि शू यांनी काही मिनिटांत गांधीजींचे रेखाचित्र टिपले. रवींद्रनाथांची चित्रे तर त्यांनी अनेक काढली. मातीसला धुडकावणाऱ्या या गृहस्थाने शरीरशास्त्राशी काडीचाही संबंध नसलेल्या रवींद्रनाथांच्या चित्रांचे मात्र मनापासून कौतुक केले. माणूस आपल्या सिद्धान्तापेक्षा मोठा असतो, तो असा.

त्या उन्हाळ्यात ते दार्जिलिंगला गेले आणि मनात घोळत असलेला विषय त्यांनी हाती घेतला. नव्वदीच्या एका म्हाताऱ्याच्या दारासमोर दोन डोंगर आडवे येतात. तो मुलानातवंडांना घेऊन ते खणायला लागतो. शेजारचा शहाणा हसतो. म्हाताऱ्याचा हिशेब सरळ असतो : माझ्यामागे मुले, त्यांच्यामागे त्यांची मुले; वंश वाढत जाईल, डोंगर काही वाढणार नाही. ही प्राचीन चिनी कथा शू यांनी चार मीटरहून अधिक लांबीच्या कागदावर शाई-रंगांत उतरवली. कुदळी उगारलेले, घामाने निथळणारे, विवस्त्र पुरुष. शाईचित्राच्या परंपरेत एवढी नग्न, कमावलेली शरीरे कोणी पाहिली नव्हती. त्यासाठी समोर बसवलेली माणसे भारतीय होती. चिनी दंतकथेतील खणणाऱ्यांना भारतीय दंड, भारतीय पाठी आणि भारतीय चेहरे लाभले.

याच सुमारास, जुलै १९४० मध्ये, जपानच्या दबावापुढे नमून ब्रिटिशांनी ब्रह्मदेश-चीन रस्ता तीन महिन्यांसाठी बंद केला. चिनी हद्दीतील तो रस्ता गावोगावच्या स्त्री-पुरुषांनी, मुलांनी हाताने डोंगर फोडून बांधला होता. हे चित्र त्या रस्त्याला समोर ठेवून वाचणेच अधिक योग्य वाटते. शाईत हाडे-स्नायू आणले तर शाईचा प्राण जाईल, या आक्षेपालाही ते उत्तर होते. उत्तर पूर्ण पटते असे नाही. आकृत्या भरदार आहेत, पण काही ठिकाणी त्या कागदावर उसन्या आणल्यासारख्या उभ्या राहतात. घोड्यांत मात्र ही तडजोड विरघळून जाते. १९४१ मध्ये पेनांगला असताना छांगशाच्या लढाईच्या काळजीत त्यांनी काढलेला धावता घोडा पाहावा : पुढचे पाय आणि छाती पॅरिसच्या शिस्तीने बांधलेली, आयाळ आणि शेपूट निव्वळ चिनी कुंचल्याची.

घरी मात्र काही धड उरले नव्हते. एका विद्यार्थिनीविषयीच्या ओढीने जिआंग बीवेइ यांच्याशी असलेला संसार केव्हाच विस्कटला होता. १९४५ मधील घटस्फोटाची किंमत दहा लाख युआन आणि शंभर चित्रे अशी ठरली. ती चित्रे पुरी करण्यासाठी शू रात्ररात्र जागले आणि रक्तदाब व मूत्रपिंडाच्या विकाराने अंथरुणाला खिळले. त्याआधी १९४२ मध्ये कुनमिंगला हवाई हल्ल्याच्या धावपळीत त्यांचा जीव की प्राण असलेली सत्त्याऐंशी देवतांची प्राचीन चित्रगुंडाळी चोरीला गेली होती. १९३७ मध्ये हाँगकाँगमध्ये विकत घेतल्यावर त्यांनी तिच्यावर 'बेइहोंगचे जीवन' अशा अर्थाचा शिक्का उमटवला होता. दोन वर्षांनी ती मोठी रक्कम आणि स्वतःची चित्रे देऊन परत मिळवली, तेव्हा तो शिक्का कापून टाकलेला होता.

१९४६ मध्ये लिआओ जिंगवेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि बेइपिंगच्या कला महाविद्यालयाची सूत्रे पुन्हा त्यांच्याकडे आली. आता त्यांच्या मताला अधिकाराची धार होती. शाईचित्राच्या विद्यार्थ्यांनीही आधी कोळशाने रेखांकन गिरवावे, असा दंडक निघताच १९४७ मध्ये पारंपरिक शैलीच्या तीन प्राध्यापकांनी अध्यापन थांबवले. चिनी चित्रकलेचे तास घटवून तिचा गळा घोटला जात आहे, अशी त्यांची तक्रार होती. ती अनाठायी नव्हती. पण शू मागे हटले नाहीत, आणि १९४९ नंतर नव्या राजवटीला हवा असलेला वास्तववाद त्यांच्या हाती तयारच होता. मध्यवर्ती ललित कला अकादमीचे ते पहिले अध्यक्ष झाले. बंडखोराचे मत अशा रीतीने अभ्यासक्रम बनले.

त्याची झळ पुढच्या पिढीला लागली. पॅरिसहून १९५० मध्ये परतलेले वू ग्वानझोंग याच अकादमीत शिकवू लागले, तेव्हा आकारवादी म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली आणि त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. शाईचे ठिपके आणि रेषा यांतून जवळजवळ अमूर्त निसर्ग उभा करणाऱ्या वू यांनी उतारवयात शू यांना कुशल कारागीर मानले, परंतु सौंदर्याची दृष्टी नसलेला चित्रकार ठरवले. निर्णय कठोर आहे. तो करणाऱ्याने किंमत मोजली होती, हेही खरे.

शू यांना हे ऐकायचे नव्हते. २६ सप्टेंबर १९५३ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने, वयाच्या ५८ व्या वर्षी, बीजिंगमध्ये त्यांचे निधन झाले. लिआओ जिंगवेन यांनी त्यांची बाराशेहून अधिक चित्रे आणि आयुष्यभर जमवलेला संग्रह राष्ट्राला देऊन टाकला. राहत्या घरात १९५४ मध्ये संग्रहालय सुरू झाले. ते घर पुढे भुयारी रेल्वेसाठी पाडले गेले आणि १९८३ मध्ये दुसरीकडे नवी वास्तू उभी राहिली. दार्जिलिंगमध्ये रंगलेला तो डोंगर खणणारा म्हातारा आणि शिक्का कापलेली ती देवतांची गुंडाळी, दोन्ही त्याच संग्रहात आहेत.