'मुघल-ए-आझम'ची अनारकली, जिच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं

५ ऑगस्ट १९६०. मुंबईच्या मराठा मंदिरात 'मुघल-ए-आझम' झळकला. साखळदंडांत जखडलेली अनारकली बघून लोक हळहळले. पण ती साकारणारी मधुबाला तेव्हा खरोखरच आजारी होती.

तिचं मूळ नाव मुमताज जहान बेगम देहलवी. जन्म १४ फेब्रुवारी १९३३, दिल्ली. घरची गरिबी होती, म्हणून वडील अताउल्ला खान कुटुंबासह मुंबईला आले. नवव्या वर्षी 'बसंत'मध्ये कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली ही मुलगी चौदाव्या वर्षी 'नील कमल'ची नायिका झाली. १९४९ च्या 'महल'ने तिला स्टार केलं. सगळं घर तिच्याच कमाईवर चालायचं.

१९५४ मध्ये मद्रासला शूटिंग सुरू असताना तिला रक्ताची उलटी झाली. आजाराचं मूळ होतं हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला असलेलं जन्मजात छिद्र, म्हणजेच व्हीएसडी. छिद्र मोठं असेल तर डावीकडचं रक्त उजवीकडे शिरतं आणि पुन्हा फुफ्फुसात जातं. वर्षानुवर्षं असं झालं की फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढतो. तो फार वाढला, तर छिद्र बुजवणंच धोक्याचं ठरतं.

योगायोग बघा, त्याच १९५४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी एका बाळाच्या हृदयातलं असं छिद्र पहिल्यांदा शिवलं. ऑपरेशन चालू असताना बाळाचं रक्त वडिलांच्या शरीरातून फिरवलं होतं. बाळ काही दिवसांतच न्यूमोनियाने दगावलं, पण वाट सापडली होती.

मधुबालापर्यंत मात्र ती वाट पोहोचली नाही. १९६० मध्ये किशोर कुमारशी लग्न झाल्यावर ती लंडनला गेली. तिथल्या डॉक्टरांनी ऑपरेशनला नकार दिला. पुढची बरीच वर्षं अंथरुणात गेली. २३ फेब्रुवारी १९६९ ला, छत्तिसावा वाढदिवस होऊन नऊ दिवस झाले असताना, तिने मुंबईत जगाचा निरोप घेतला.

अशा छिद्राचा आणखी एक धोका असतो. रक्ताचा झोत जिथे आदळतो, तिथलं अस्तर खरवडलं जातं. किडलेल्या दातांतून किंवा सुजलेल्या हिरड्यांतून रक्तात आलेले जंतू तिथे चिकटून वाढतात. हाच हृदयाच्या अस्तराचा संसर्ग, एंडोकार्डायटिस. पेनिसिलिन येण्याआधी यातून क्वचितच कुणी वाचायचं.

आज बाळाच्या छातीत वेगळा आवाज आला, तर टूडी इको तपासणीत छिद्र दिसतं. लहान छिद्रं कधी कधी आपोआप बुजतात, मोठी वेळेत बंद करता येतात. पण जन्मजात हृदयदोष असलेल्यांनी दात जपायलाच हवेत. ताप बरेच दिवस उतरत नसेल, तर मनाने अँटिबायोटिक घेऊ नये. आधी डॉक्टरांना हृदयाचा दोष सांगावा, कारण औषध आधीच पोटात गेलं तर रक्ताच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि निदान लांबतं.

मधुबालाला वेळ मिळाला नाही. आजच्या बाळांना तो मिळू शकतो.