खसखशीवर सूरह लिहिणारे ख्वाजा टाकसाळीत
ख्वाजा अब्दुस्समद मूळचे शिराझचे. हुमायूँसोबत हिंदुस्तानात आले, लहानग्या अकबराला चित्रकला शिकवली. खसखशीच्या दाण्यावर त्यांनी सूरह इखलास लिहिली, असं सांगतात. आपण त्यांना चित्रकार म्हणूनच ओळखतो. पण १५७७ मध्ये अकबराने फतेहपूर सिक्रीची टाकसाळ त्यांच्याच हाती सोपवली. तिथलं काम ‘आईन-ए-अकबरी’त सापडतं. सोन्याच्या पत्र्यांना सोरा अन् कच्च्या विटेच्या भुकटीचा लेप, भोवती गोवऱ्यांची आच. चांदी शिशासोबत वितळवून शुद्ध करायची. सराफ कस तपासणार, मगच तुकडे कापून त्यावर ठसा. रुपया साडेअकरा मासे वजनाचा. त्यात हीण मिसळलं की फटका थेट मजुराच्या गाठीला! म्हणून ही नेमणूक आम्हाला त्यांच्या चित्रांइतकीच मोठी वाटते. पुढे ते मुलतानचे दिवाण झाले.