जावजी दादाजी: मराठी अक्षरं ओतणारा माणूस



नौपाड्यात आमच्या शेजारच्या काकांनी त्यांचा जुना लेख वेबसाइटसाठी पेनड्राइव्हवर दिला. गूगल डॉक्समध्ये उघडला तर मराठीचा पत्ताच नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. लेख युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला होता. अशा फॉन्टमध्ये काना, वेलांटी, अर्धा त असे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. तो फॉन्ट तुमच्याकडे नसेल तर इंग्रजी अक्षरंच दिसणार. कन्व्हर्टर शोधताना मला जावजी दादाजी चौधरी आठवले. असेच तुकडे शिशात ओतण्यात त्यांचं आयुष्य गेलं.

जावजींचा जन्म १८३९ सालचा. घरी गरिबी, त्यामुळे शाळा फारशी झालीच नाही. लहान वयातच ते मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला लागले, पगार महिना २ रुपये. खिळा म्हणजे शिशाचा छोटा दांडा, टोकाला एक उलटं अक्षर. काम कंटाळवाणं, पण तिथे टॉमस ग्रॅहम देवनागरीचे खिळे सुधारत होते. म्हणजे पोरगा बरोबर जागी पोचला होता!

खिळा तयार कसा व्हायचा? पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर हाताने कोरायचं. ती कांडी तांब्यावर ठोकली की अक्षराचा खोलगट साचा मिळतो. त्या साच्यात शिशाचा रस ओतायचा की खिळा तयार. कोरताना केसाएवढी चूक झाली, तर ती त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक खिळ्यात दिसणार.

त्यात आपली लिपी अवघड. वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. एका पद्धतीत मधलं अक्षर वेगळं आणि वरखालची चिन्हं वेगळी, त्यामुळे एकाच ओळीसाठी तीन ओळी जुळवायच्या. खिळा जरा सरकला की अनुस्वार शेजारच्या डोक्यावर. दुसऱ्या पद्धतीत चिन्हासकट अख्खं अक्षर एकाच खिळ्यावर. दिसायला छान, पण खिळ्यांची संख्या शेकड्यांत जायची. आज तुम्ही क, हलन्त आणि ष टाइप करता आणि क्ष आपोआप जुळतो. युनिकोड फक्त अक्षरांचा क्रम साठवतो, जोडणी फॉन्ट करतो. तेव्हा ती जुळाऱ्याची बोटं करायची.

पुढे इंदुप्रकाशसारख्या छापखान्यात अनुभव घेऊन जावजींनी १८६४ मध्ये खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला. कोरीव कामात राणोजी रावजी आरू यांची साथ होती. ही जोडी मला फार आवडते: एकाचा हात, दुसऱ्याची नजर आणि धंद्याची समज. १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू झाला. आधी फॉन्ट, मग प्रकाशन, असा हा क्रम.

पण नुसत्या सुबक अक्षरांनी निर्णयसागरचं नाव झालं नाही. जावजी स्वतः शिकलेले नव्हते, तरी संस्कृत ग्रंथांची जबाबदारी त्यांनी पंडितांवर सोपवली. १८८६ पासून निघालेल्या काव्यमालेचं संपादन पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी केलं. पोथ्या ताडून पाठ ठरवायचे, प्रुफं तपासायची, मगच छपाई. शुद्ध छपाईसाठी हा छापखाना भारतभर ओळखला गेला. मुलांसाठीही त्यांनी काम केलं: विनायक कोंडदेव ओक यांचं ‘बालबोध’ मासिक १८८१ पासून इथूनच निघालं.

१८९२ मध्ये जावजी गेले, वय जेमतेम ५३. मुलगा तुकाराम जावजी यांनी छापखाना पुढे चालवला.

काकांचा लेख कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आला, पण ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ हे शब्द फुटले होते. अशा शब्दांतला आडवा र नुसत्या साध्या र आणि हलन्तातून बनत नाही, त्यासाठी सहसा नुक्ता असलेला ऱ वापरतात. ते हाताने सुधारले, मजकूर फॉरमॅटिंगशिवाय पेस्ट केला, मथळ्यांना हेडिंग स्टाइल लावली (नुसतं बोल्ड करू नका, मोबाइलवरच्या स्क्रीन रीडरला तो मथळा आहे हे कळत नाही). मग लिंक काकांना पाठवली. त्यांनी चष्मा लावून फोनवर वाचलं आणि आणखी तीन चुका काढल्या.